तारखेवर लेबल चिकटवू नका

मृग निघाला की मुखेडच्या बाजारात बियांच्या पाकिटांचे हार लटकू लागतात. भेंडी, गवार, दोडका, कारलं, अंबाडी. पाकिटाच्या दर्शनी बाजूला हिरव्यागार भेंडीचा फोटो असतो. मागं चाचणीची तारीख आणि उगवणशक्ती छापलेली असते, आणि नेमकं तिथंच किमतीचं लेबल डकवलेलं असतं. नखानं ते खरवडलं की खालची शाईही निघून येते. महिना राहतो, साल जातं.

मी परसबागेची वही ठेवतो. काय कधी टोकलं, कधी उगवलं, फूल कधी धरलं, पहिला तोडा कधी झाला, कीड कोणत्या नक्षत्रात आली. या वहीतली पहिली ओळ बियांची, आणि तीच कोरी सोडावी लागते. याचा मला मनापासून राग येतो.

बियाणे कायदा १९६६ सालचा आहे. भेंडीच्या बियांची उगवण किमान ६५ टक्के असावी असं मानक आहे, आणि चाचणीची मुदत साधारण ९ महिने धरतात. वाफ्यात निम्म्याच बिया वर आल्या, तर बी शिळं होतं की आमच्या काळ्या मातीत पाणी धरून कुजलं, हे तारखेवाचून कसं ठरवायचं? दुकानात विचारावं तर उत्तर ठरलेलं, "काका, यंदाचाच माल हाय, टाका बिनधास्त." वहीत हे लिहिता येत नाही.

वाणाचीही तीच गत. शेजारच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं १९८०च्या दशकात 'परभणी क्रांती' ही भेंडी दिली. पांढऱ्या माशीमुळं पसरणाऱ्या आणि पानाच्या शिरान् शिरा पिवळ्या करणाऱ्या हळद्या रोगाला तोंड देण्यासाठीच ती काढली होती. सरळ वाण असल्यानं घरचं बी पुढच्या वर्षी धरता येतं, परसबागेला याहून सोयीचं काय? पण नाव घेतलं की दुकानदार भलतंच संकरित पाकीट पुढं सरकवतो. "तेच्यापेक्षा भारी हाय हे." भारी असेलही. मी मागितलेलं ते नसतं.

झेंडूनं मात्र मला सगळ्यात जास्त छळलं आहे. पाकिटावर छापलेलं असतं, 'लागवड : जून-जुलै'. झेंडू आम्हाला दसऱ्याला हवा असतो, आणि दसरा काही इंग्रजी महिना बघून येत नाही. २०२३ला तो २४ ऑक्टोबरला होता, २०२४ला १२ तारखेला, २०२५ला २ तारखेला. २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून तो पुन्हा २० ऑक्टोबरला. रोप तयार व्हायला तीन-चार आठवडे, लावल्यावर फुलायला साधारण दोन महिने. म्हणजे एका वर्षी जुलैअखेर रोप जमिनीत हवं, तर दुसऱ्या वर्षी ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबलं तरी चालतं. तीन आठवड्यांची ही उलथापालथ एका 'जून-जुलै'त कशी मावणार? रोपवाटिकेत जावं तर ट्रेच्या बुडातून मुळं बाहेर लोंबत असतात, शेंड्याला कळी आलेली असते, आणि तरी सांगतात, "आत्ताच आलंय." आत्ता आलेल्या रोपाला कळी येत नसते.

फुलं नेणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. श्रावण लागला की पहाटे भिंतीवरून हात येतात. जास्वंदीची फांदी वाकवून फुलासोबत उद्याची कळीही खुडली जाते, कधी फांदीच सालीसकट सोलून निघते. हटकलं तर म्हणतात, "देवालाच नेतोय की." देवाला फूल द्यायला माझी ना नाही. पण माझ्या वहीत 'उमलली' या रकान्यासमोर आठवडाभर काहीच नसतं, आणि झाडाला खत कमी पडलं की पाणी, याचा मी उगाच विचार करत बसतो.

महालक्ष्म्यांच्या वेळी याच गल्लीतल्या बायका फाटकातून आत येतात. सोळा भाज्या जमवायच्या असतात. "दादा, चार गवारीच्या शेंगा अन् अळूचं एक पान द्या." मी काढून देतो आणि लिहून ठेवतो. त्या दिवशी वहीचा हिशेब चोख लागतो, कारण त्यांनी मागितलेलं असतं.

कुणी म्हणेल, २०२५च्या ऑगस्टमध्ये याच तालुक्यात एका दिवसात दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, हसनाळ-रावणगाव पाण्यात गेलं, आणि तुम्ही दोडक्याच्या तारखा काय घेऊन बसलात? त्या दुःखाशी माझ्या वाफ्याची बरोबरी मी करत नाही. पण पाऊस असा बेभरवशाचा झाला असताना बी कधीचं, रोप कधीचं, एवढं तरी पक्कं माहीत असायला नको का?

दुकानदारांनी किमतीचं लेबल फोटोवर चिकटवावं, तिथं भरपूर जागा आहे. रोपवाटिकेनं ट्रेवर बी टाकल्याची तारीख खडूनं लिहावी. आणि फुलं हवी असतील त्यांनी फाटक वाजवावं, उमललेली न्यावीत, कळ्या ठेवाव्यात.