काटा कुठे मारतात?

कळंबोलीबद्दल बाहेरच्या माणसाला तीनच गोष्टी ठाऊक असतात. पुण्याचा द्रुतगती मार्ग इथून सुरू होतो, इथे लोखंड बाजार आहे, आणि जोराचा पाऊस आला की इथे पाणी भरतं. चौथी गोष्ट नुकतीच जमा झाली. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. तेव्हापासून आमच्या सेक्टरमधला प्रत्येक जण विमान आपल्याच गच्चीवरून सुटतं अशा थाटात बोलतो. इस्टेट एजंटांनी ‘स्टेशनजवळ’ हा शब्द टाकून दिला. आता सगळं ‘एअरपोर्ट टच’.

या हवेतच आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांनी थायलंडला जायचं ठरवलं. विमान सहारवरूनच होतं, पण उत्साहाला टर्मिनल लागत नाही. मी ज्येष्ठांत मोडत नाही असं माझं मत, हिचं वेगळं. त्यामुळे आम्हीही होतो.

आमचे शेजारी तात्या मूळचे पाटण तालुक्यातले. मुंबईतला लोखंडाचा व्यापार कळंबोलीत आला, त्याच्या मागोमाग तेही आले आणि निवृत्त होईपर्यंत वजनकाट्यावर कारकून होते. सळया, अँगल, चॅनेल, पत्रा, काहीही असो. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरलेला, आणि वजाबाकी म्हणजे माल. एवढं सरळ काम. पण तात्या सांगतात, रिकामा ट्रक काट्यावर चढला की क्लीनर खाली उतरून चहा पितो आणि भरलेला चढला की तोच क्लीनर केबिनमध्ये बसून बिडी ओढतो. सत्तर किलोचा क्लीनर लोखंडाच्या भावाने विकला गेला, आणि विकला जाऊन पुन्हा संध्याकाळी घरी.

“भाव समद्यांना दिसतो,” तात्या म्हणतात. “भावावर भांडत्यात बी समदे. काट्याकडं कुणी बघत न्हाई. मारायचं तिथंच मारत्यात.”

परदेशात पैसे काढण्याविषयी यापेक्षा जास्त शहाणं वाक्य मी कोणत्याही बँकेच्या माहितीपत्रकात वाचलेलं नाही.

जाण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात सभा झाली. विषय एकच: पैसे न्यायचे कसे? दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ड्रेसला आतून खिसा शिवून घेतला होता. खिशाला चेन, चेनीला सेफ्टी पिन. पैसे काढायची वेळ आली तर काय, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “काढायचे कशाला?” खर्च कमी करण्याचा हा सर्वात खात्रीचा उपाय आहे, पण तो सर्वांना पेलत नाही.

मोठा गट एटीएमवाल्यांचा होता. “मशीन तिथेही असतंच की!” हे लोक कोण, तेही सांगायला हवं. १ मे २०२५ पासून महिन्याच्या फुकट फेऱ्या संपल्यावर प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आकार घ्यायची मुभा बँकांना मिळाली, तेव्हा आमच्या इमारतीत सुतक पाळलं गेलं. ते २३ रुपये वाचवायला हीच मंडळी भर मे महिन्यात दोन सेक्टर तुडवत स्वतःच्या बँकेच्या मशीनपर्यंत जातात आणि वाटेत तीस रुपयांचा उसाचा रस पितात. आणि तीच आता बँकॉकमध्ये ‘लागतील तसे’ पैसे काढणार होती.

तात्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. सोयीसाठी थायलंडचा एक बात तीन रुपयांचा धरला. थायलंडमधलं मशीन परक्या कार्डाकडून दर खेपेला २२० बातच्या आसपास घेतं, म्हणजे ६६० रुपये. मग आपली बँक. तिचा काढणावळीचा आकार साधारण सव्वाशे, वर १८ टक्के जीएसटी. शिवाय परकीय चलनाचा मार्कअप म्हणून बहुतेक साध्या डेबिट कार्डांवर साडेतीन टक्के आणि त्यावर पुन्हा जीएसटी. कुणी २,००० बात, म्हणजे ६,००० रुपये काढले, तर जवळजवळ १,०८० रुपये नुसते वाटेत सांडतात. शेकडा अठरा! हेच २०,००० बात एका दमात काढले तर ३,३०० च्या आसपास जातात, शेकडा साडेपाच. आणि तेवढेच पैसे ‘लागतील तसे’ दहा वेळा काढले तर पावणेअकरा हजार.

सभेत शांतता पसरली. मग मास्तर म्हणाले, “तात्या, एकदा पुन्हा बघा, टिंब चुकलं असेल.” मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहतात, आयुष्यभर गणित शिकवलं. टिंब चुकलं नव्हतं.

कुणीतरी क्रेडिट कार्डाचं नाव काढलं. त्यावर रोख काढली की व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं, बिलाची तारीख बघत बसत नाही, शिवाय रोख काढल्याचा वेगळा आकार. तो विषय तिथेच मिटला.

बी विंगमधले साहेब बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे नियम माहीत आहेत, फक्त ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत आणि विचारल्यावर लवकर थांबत नाहीत. त्यांच्याकडून कळलं की सहलीला जाताना नोटांच्या रूपात साधारण ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकीचे कार्डावर. ५०,००० पेक्षा जास्त रुपये रोख देऊन परकीय चलन घेता येत नाही. २५,००० रुपयांपर्यंतच्या अदलाबदलीवर जीएसटी ठोक ४५ रुपये. मग साहेब भूतकाळात शिरले. एकेकाळी परदेशी जाणाऱ्या भारतीयाला जेमतेम आठ डॉलर मिळत. आठ! पैसे काढण्याचा आकार हा प्रश्नच सरकारने मुळातून सोडवला होता. काढायला पैसेच ठेवले नव्हते. पुढे फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला २५,००० डॉलर बाहेर न्यायची मोकळीक दिली आणि आज ती अडीच लाख डॉलर आहे. आमच्या सोसायटीत या आकड्याने कोणाच्या आयुष्यात काही फरक पडला नाही, पण ऐकून बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र साहेबांनी कामाची सांगितली. २०२० पासून नवीन कार्ड येतं तेच परदेशापुरतं बंद होऊन येतं. ॲपमध्ये जाऊन ‘आंतरराष्ट्रीय वापर’ आपण स्वतः सुरू करायचा, रोख काढण्याचा वेगळा आणि दुकानातला वेगळा. हे इथे, कळंबोलीत, पंख्याखाली बसून करायचं काम. तिथे गेल्यावर ॲप ओटीपी मागतं, तो येतो भारतातल्या सिमवर, आणि ते सिम थायलंडचं सिम घालताना काढून हॉटेलच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेलं असतं.

डॉलर घ्यायला तात्या, मास्तर आणि मी एका दुकानात गेलो. दारावर पाटी: शून्य कमिशन. मास्तर खूश. काउंटरवरच्या पोराने भाव सांगितला. तात्यांनी तो ऐकलाच नाही.

“तुमी घेता कितीला?”

“काका, तुम्हाला घ्यायचेत ना?”

“व्हय. पन समज, मी इकायला आलो. मग?”

पोराने नाइलाजाने दुसरा आकडा सांगितला. दोन आकड्यांत चांगली पाच रुपयांची दरी होती. तात्या मास्तरांकडे वळले आणि म्हणाले, “ह्ये बघा. कमिशन शून्य हाय, पन क्लीनर आत बसलाय.” मग त्यांनी तिथेच उभं राहून दुसऱ्या दुकानाला फोन लावला, मोठ्याने भाव विचारला, मोठ्याने “बरं बरं” केलं. पोराने साठ पैसे खाली आणले. तिसऱ्या फोनला आणखी वीस. चौथा फोन त्यांनी नुसताच कानाला लावला होता, हे मला नंतर कळलं.

विमानतळावरच्या काउंटरवर ही सोय नसते. तिथे तुमच्या हातात ट्रॉली असते, पाठीमागे रांग असते आणि बायको “अहो, चला ना” म्हणत असते. भाव त्या तिन्हींचा विचार करूनच ठरवलेला असतो.

तात्यांनी डॉलर घेतले ते शंभराच्या कोऱ्या नोटांमध्ये. त्यालाही कारण होतं. बँकॉकमध्ये सुपररिच नावाची नोटा बदलणारी प्रसिद्ध दुकानं आहेत. तिथे शंभर डॉलरच्या नोटेला जो भाव मिळतो, तो वीस, दहा, पाचच्या नोटांना मिळत नाही. चुरगळलेली, लिहिलेली नोट तर हातात धरून उलटसुलट बघत राहतात. काकूंनी चोरखिशातून घामेजलेल्या दहा-दहाच्या नोटा काढल्या, तेव्हा पलीकडच्या बाईने जे तोंड केलं त्याला भाषांतर लागत नव्हतं. तात्यांना नोटांच्या तब्येतीची काळजी आधीपासूनच आहे. २६ जुलै २००५ ला कळंबोली पाण्यात गेली तेव्हा त्यांनी कपाटातल्या नोटा दोरीवर चिमटे लावून वाळवल्या होत्या.

आता खरा प्रसंग. तिसऱ्या दिवशी मास्तरांचे बात संपले आणि आम्ही सगळे एका मशीनपुढे उभे राहिलो. मास्तरांनी रक्कम टाकली. पडद्यावर आकडा आला, आणि काय आश्चर्य, तो रुपयांत! मशीन इंग्रजीत विनयाने विचारत होतं की, तुमच्या सोयीसाठी आत्ताच रुपयांत हिशेब करून देऊ का? खाली दोन बटणं: स्वीकारा, नाकारा.

मास्तरांचे डोळे पाणावले. “बघा,” ते म्हणाले, “आपला रुपया! हजारो मैलांवर!” आणि बोट ‘स्वीकारा’कडे निघालं.

“मास्तर, हात मागं!” तात्या ओरडले. सुरक्षारक्षक दचकला. “क्लीनर बसला की वो केबिनमदी!”

परदेशी मशीन रुपयांत बोलायला लागलं की समजावं, काटा मारायची हीच जागा. तो रुपयांतला भाव मशीनवाल्याने स्वतः लावलेला असतो. बाजारभावापेक्षा पाच-सात टक्के महाग, कधी त्याहूनही जास्त. वर काही बँका आपला मार्कअप लावतात तो लावतातच. ‘नाकारा’ म्हटलं तर व्यवहार रद्द होतो अशी भीती मशीन घालतं, पण तसं काही होत नाही. पैसे येतात, बातमध्येच येतात, आणि हिशेब व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या रोजच्या दराने होतो, जो बराच सरळ असतो. दुकानात कार्ड घासतानाही हाच प्रश्न येतो. तिथे तर दुकानदार तुमच्या वतीने परस्पर ‘स्वीकारा’ दाबून मोकळा होतो, म्हणून सही करण्याआधी पावतीवर कोणत्या देशाच्या चलनाचं चिन्ह आहे ते बघावं.

मास्तरांनी थरथरत्या बोटाने ‘नाकारा’ दाबलं. मशीनने थोडा विचार केला, घरघर केली आणि नोटा दिल्या. मास्तरांनी त्या तीन वेळा मोजल्या. देशद्रोह केल्याचा भाव मात्र संध्याकाळपर्यंत चेहऱ्यावर होता.

तिथेच रांगेत साहेबांनी सांगितलं की, हे मशीन शोधल्याचं श्रेय ज्याला देतात, तो जॉन शेफर्ड-बॅरन १९२५ मध्ये आपल्या शिलाँगला जन्मला, आणि त्याचं पहिलं मशीन जून १९६७ मध्ये लंडनमधल्या एन्फिल्डला लागलं. पिन सहा आकड्यांचा करायचा होता, पण त्याच्या बायकोला चारच आकडे लक्षात राहत, म्हणून तो चार आकडी झाला. हिने माझ्याकडे बघितलं. “बघा,” ती म्हणाली, “कुणीतरी बायकोला विचारून काम करतो.”

यूपीआयचा प्रयोगही झाला. सिंगापूरशी फेब्रुवारी २०२३ मध्ये जोडणी झाली, एक वर्षाने श्रीलंका आणि मॉरिशस आले, आयफेल टॉवरच्या तिकिटालाही चालतं, हे सगळं वाचून गेलेली आमची मंडळी. शहाळेवाल्याच्या गाडीवर तसाच चौकोनी क्यूआर लटकत होता. काकूंनी मोठ्या विश्वासाने मोबाइल समोर धरला. पण तो तिथल्या प्रॉम्प्टपेचा निघाला आणि आमच्या ॲपने त्याला ओळख दाखवली नाही. शेवटी सेफ्टी पिन उघडावी लागली.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. कार्डावर मार्कअप किती हे बँकेला फोन करून आकड्यात विचारा. शून्य मार्कअपची कार्डं मिळतात, पण रोख काढायचा आकार वेगळा असतो, तोही विचारा. फॉरेक्स कार्ड घेणार असाल तर ज्या देशाचं चलन भरलंय त्याच देशात वापरा. डॉलर भरून बात काढले की पुन्हा अदलाबदलीचा आकार बसतो. थोड्या नोटा इथून घ्या, तिथे काढायचे ते एकदाच आणि मोठे काढा. परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा घरात ठेवता येतात. त्यावरचं १८० दिवसांत परत करायचं असतं. आणि नाणी तिथेच चहाकॉफीत संपवून या. ती सहसा कुणी बदलून देत नाही. तात्यांनी दहा बातचं नाणं घरच्या काट्यावर तोलून बघितलं, साडेआठ ग्रॅम भरलं. बाजारात ओळखीच्या भंगारवाल्याला विचारलं, तोही घेत नाही.