क्रूझशास्त्रातील मोलाचे योगदान

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या आमच्या काका-काकूंचे क्रूझशास्त्रातील कार्य अभिनंदनीय आहे. २०१८ साली सुरू झालेली मुंबई-गोवा क्रूझ ‘आंग्रिया’ त्यांनी अनुभवली, २०१९ मध्ये ‘कर्णिका’. (ती पुढच्याच वर्षी अलंगला भंगारात निघाली, यात त्या दोघांचा काहीही हात नाही.) मग ‘कॉर्डेलिया’. समुद्र तिन्हीकडे सारखाच खारट आढळल्याने बुफे हाच एकमेव शास्त्रीय निकष उरला. पॅकेजात धरलेलं सोडायचं नाही, या तत्त्वापायी काकूंनी रात्री बारालाही जिलेबी घेतली आणि पहाटे काकांना उठवून ताक पाजलं.

शेवटी शुद्ध हवेसाठी ते सर्वांत वरच्या डेकवर गेले. काकांनी मान वर केली. डोक्यावर धुरांडे.

“अगं,” ते गहिवरले, “अगदी आपली कॉलनी!”