निसर्ग-शिबिर कसे घ्यावे : छोट्या संग्रहालयातल्या नवख्या ताई-दादांसाठी

आधी खुर्च्या मोजाव्यात. शिबिर मुलांचे असले तरी खुर्च्या पाहुण्यांच्या असतात. मुलांनी सतरंजीवर बसायचे, आणि तेच बरे, कारण मुंग्या तिथूनच दिसतात. उद्घाटन टळत नाही. दीपप्रज्वलनासाठी पंखा बंद करावा लागतो आणि भाषण संपेपर्यंत तो पुन्हा लावायची कुणाची हिंमत होत नाही. ‘आजची मुले हीच उद्याचे शास्त्रज्ञ’ हे वाक्य येईलच. त्या वेळी उद्याचे शास्त्रज्ञ भिंतीवरच्या पालीकडे बघत, तुटलेली शेपटी वळवळत का राहते यावर कुजबुजत असतील. त्यांना गप्प करू नये. शिबिर सुरू झालेले आहे.

पाहुणे चहाला गेले की सापाच्या बरणीकडे वळावे. फॉर्मलिनमधला साप मुळात कोणत्या रंगाचा होता हे आता सांगता येत नाही, पण लेबलवर ठळक अक्षरांत ‘अजगर’ असते. पाठ नीट पाहा. मोठ्या, गोलसर ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या शेपटीकडे गेल्या असतील तर ती घोणस. लेबल बदलायला कार्यकारिणीचा ठराव लागतो. तोवर ते उलटे करून ठेवावे आणि हा कोण, हे मुलांनाच ओळखू द्यावे. घोणस अंडी न घालता थेट पिल्ले देते असे सांगितले की मागच्या रांगेतली मुले बरणीला नाक लावतात. (काच पुसायला फडके हाताशी असू द्या.)

इथे ‘नाग दूध पितो का?’ हा प्रश्न येणारच. ‘नाही’ म्हणून मोकळे होण्याचा मोह आवरा. कारण नातवाला न्यायला आलेली एखादी आजी दारातून म्हणेल, ‘‘अरे, नागपंचमीला वारुळापाशी ठेवलेली वाटी सकाळी रिकामी असते की!’’ आजींशी वाद घालू नये. त्यांनी निरीक्षण नोंदवले आहे, अनुमान तेवढे घाईचे आहे. रात्रीतून ती वाटी कोण कोण रिकामी करू शकेल, याची यादी मुलांना करायला सांगावी. मांजर पहिली येते, मग कुत्रे, मग मुंग्या, मग शेजारचा बंड्या. आता कोण खरा, हे कसे शोधायचे? वाटीभोवती राख पसरा, पावले उमटतील, असे कुणीतरी सुचवते. बहुधा आजीच.

दगडांच्या कपाटापुढे ‘हा हिरा आहे का?’ आणि ‘कितीला जाईल?’ एवढेच विचारले जाते. किमतीचे उत्तर पुढे ढकलावे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, थिजताना त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्याने त्यांत स्टिल्बाइट, अपोफिलाइटचे स्फटिक वाढवले. एवढे सांगा. दुसऱ्या दिवशी घरामागच्या विहिरीतले अर्धे पोते दगड येतील. जागा करून ठेवा.

सूक्ष्मदर्शक एकच असतो. प्रत्येक मूल डोळा लावताच ‘दिसलं!’ म्हणते; बहुतेकांना स्वतःच्या पापण्या दिसलेल्या असतात. म्हणून पाहिलेले चित्र काढून घ्यावे. जास्वंदीचा परागकण गोल आणि काटेरी निघतो, पापणी लांब निघते. रांगेतल्या मुलांना काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे द्यावेत. अरविंद गुप्ता यांना १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सुचलेली ही युक्ती अजून सर्वांत स्वस्त आहे. काड्या जोडून केलेला चौकोन दाबला की लवंडतो, त्रिकोण लवंडत नाही. का, हे सांगू नका. बांधकामाची परांची बघितलेली मुले त्यावर बराच वेळ भांडतात.

शिबिर पुण्याच्या बाजूला असेल तर शेवटचा दिवस १४ मेच्या आसपास धरावा. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि अंगणात उभ्या केलेल्या पाइपची सावली नाहीशी होते. बाराला का नाही, हे विचारणाऱ्या मुलीला पृथ्वीगोल आणि भारतीय प्रमाणवेळेची ८२.५ अंशांची रेघ दाखवावी. गटफोटो नेमका त्याच मिनिटाला घ्यावा, असा अध्यक्षांचा आग्रह असेल. त्यांना नम्रपणे सांगावे की हा योग पुन्हा जुलैअखेर येतो आणि तेव्हा आभाळ भरलेले असते. फोटो पावणेएकला.