मर्यादा : उणे एक

ट्रॅफिक जनरेटर म्हणजे नेटवर्कवर खोटी गर्दी जमवणारा प्रोग्राम. सभेला ट्रक भरून माणसे आणणारे कार्यकर्ते जे करतात तेच हा करतो. फक्त याची पॅकेटे, म्हणजे माहितीच्या पुरचुंड्या, वडापाव मागत नाहीत. राऊटर किंवा स्विच किती भार सोसतो हे खरे गिऱ्हाईक येण्याआधी कळावे, म्हणून ही सोय. भार साधा नसतो. एक गिगाबिटच्या तारेवर 64 बाइटच्या, म्हणजे सर्वांत लहान फ्रेम ठासून भरल्या तर सेकंदाला 14,88,095 जातात.

ही गर्दी कशी जमवावी हे सांगण्याच्या रीती अनेक. त्यांतली ‘क्लिक’ची रीत शाळेत चित्रकलेच्या तासाला अपमान झालेल्यांना विशेष भावते. क्लिक हा एमआयटीत जन्मलेला, सुट्या भागांतून जोडायचा राऊटर. त्यावरचा पहिला शोधनिबंध 1999 चा. यात प्रत्येक बारीक कामाला एक एलिमेंट असते आणि एलिमेंटे बाणांनी जोडलेली असतात. दिशा असलेला आलेख म्हणतात तो हाच: ठिपके, आणि एका ठिपक्यातून दुसऱ्यात जाणारे, परत न फिरणारे बाण. ‘रेटेडसोर्स’ पॅकेट बनवतो, ‘यूडीपीआयपीएन्कॅप’ त्यावर पत्ता घालतो, ‘ईथरएन्कॅप’ ते लिफाफ्यात सारतो आणि ‘टूडिव्हाइस’ तारेवर सोडतो. फाइलमध्येही तसेच लिहायचे: नाव, बाण, नाव, बाण. चार एलिमेंटांत ट्रॅफिक जनरेटर तयार होतो.

चारांत भागते हे प्रस्तुत लेखकाला अपमानास्पद वाटले. त्याने ऑफिसच्या पांढऱ्या फळ्यावर 31 एलिमेंटांचा आलेख काढला, तीन रंगांच्या मार्करने, बाणांना लफ्फेदार वळणे देत. फोटो काढून तो व्हॉट्सॲपच्या डीपीला लावला. मेव्हण्याने विचारले, ‘‘भावजी, पुणे मेट्रोचा नवा मार्ग का?’’

क्लिकने तो आलेख पहिल्या फटक्यात नाकारला. तीन सोर्सचे तीन बाण एकाच टूडिव्हाइसमध्ये घुसवले होते आणि ते चालत नाही. कारण एलिमेंटांची दारे दोन जातींची: पुश आणि पुल.

पुश म्हणजे पंगत. वाढपी येतो, वाढतो, पुढे जातो. पानावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून जिलेबी उतरते. पुल म्हणजे बुफे. भांडे गप्प उभे असते; ज्याला हवे तो येऊन घेईल. पंगतीत देणाऱ्याचा जोर चालतो, बुफेत घेणाऱ्याची भूक. लेखकाच्या मते बुफेने लग्नातला जीव गेला. बुफेत कोणी कोणाला ‘‘अहो, एकच घ्या, माझ्या हातची’’ म्हणत नाही, की नको नको म्हणत चार जिलब्या खाण्याची सभ्य पळवाटही उरत नाही. मधुमेही काकांची तर दोन्हीकडून पंचाईत: पंगतीत काकूंची नजर वाढप्यावर असते, बुफेत थेट काकांवर. पण मुद्दा असा की पंगतीतही एक पुल दडलेला आहे. आचारी भात उपसून परातीत ओततो, तो पुश. वाढपी आपल्या सवडीने परातीतून उचलतो, तो पुल. मधली परात हीच क्लिकमधली ‘क्यू’. परातीत तीन आचाऱ्यांनी ओतले तरी हरकत नाही, पण घेणाऱ्या पुल दाराला मात्र एकच बाण जोडता येतो. म्हणून तीन सोर्स आधी क्यूमध्ये आणि क्यूचा एक बाण टूडिव्हाइसकडे. वेगळे सांगितले नाही तर या परातीत 1000 पॅकेटे मावतात. वरची सांडतात; पहिल्यांदा क्यू एकदाच कुरकुरते, मग गप्प. आचारी मात्र बोभाटा करतो.

पॅकेटात काय भरायचे तेही सांगितले नाही तर रेटेडसोर्स स्वतःच एक इंग्रजी मजकूर भरतो. त्याचा मथितार्थ असा, की ही निव्वळ बडबड असून 64 बाइट भरावेत म्हणून लांबवली आहे. इतका प्रामाणिकपणा ललितलेखकांत आढळत नाही.

उरल्या दोन गोष्टी: वेग आणि मर्यादा. वेग न दिल्यास सेकंदाला 10 पॅकेटे. लेखकाने 50,000 दिला. मर्यादेची, म्हणजे ‘लिमिट’ची जागा रिकामी सोडली. तिथे मुळात उणे एक असते आणि उणे एक म्हणजे थांबायचे नाही. शिवाय समोरच्या यंत्राचा ईथरनेट पत्ता शोधण्याचा कंटाळा येऊन त्याने ब्रॉडकास्टचा पत्ता टाकला, म्हणजे पत्रिकेवर ‘सर्व गावकरी मंडळी’. तार चाचणीच्या स्विचऐवजी ऑफिसच्या स्विचला होती. असे पॅकेट स्विचच्या बाकी प्रत्येक दारातून निघते, आणि वायफायवर तर ते खालच्या, सावकाश वेगाने सोडले जाते. बाकीच्यांनी तोवर ताटकळायचे.

रात्रीचे नऊ वाजले होते. खाली सुरक्षारक्षक ऑफिसच्या वायफायवरून गावाकडच्या मुलीशी व्हिडिओ कॉलवर होता. ती सतराचा पाढा म्हणून दाखवत होती. सतरा साते म्हणून ती थांबली. बापाला वाटले, विसरली. ‘‘आठव बाळा, घाई नको,’’ असे तो गोठलेल्या चित्राला हळूहळू सांगत राहिला. पायऱ्या उतरणाऱ्या लेखकाने ते ऐकले, वर धावत जाऊन प्रोग्राम बंद केला, पुन्हा खाली आला आणि म्हणाला, ‘‘रेंजचा प्रॉब्लेम आहे हो इथे.’’ रक्षकाने मान डोलावली. तज्ज्ञाच्या शब्दावर लोकांचा विश्वास असतो.

लेखकाने स्वतःची समजूत मोठ्या माणसाशी बरोबरी करून घातली. क्लिकच्या मूळ कर्त्यांपैकी रॉबर्ट मॉरिस यांनी विद्यार्थी असताना, नोव्हेंबर 1988 मध्ये, इंटरनेटवर सोडलेला वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती पसरवणारा प्रोग्राम, असाच हाताबाहेर गेला होता. यंत्रात आधीची प्रत आढळली तरी सातातून एकदा तो हटून बसे आणि प्रतींच्या ओझ्याने यंत्रे लोळत. मॉरिस पुढे एमआयटीत प्राध्यापक झाले. लेखकाला दुसऱ्या दिवशी सिस्टिम ॲडमिनला चहा पाजावा लागला.

चाचणीचे जाळे ऑफिसच्या जाळ्यापासून तोडून ठेवावे. आयपी पत्ते 198.18 किंवा 198.19 ने सुरू होणारे घ्यावेत; ते अशाच चाचण्यांसाठी राखीव आहेत. लिमिटची जागा रिकामी सोडू नये. आणि सतरा साते एकशे एकोणीस. मुलीला ते पाठ होते.