पुडिंगचं माप

कलासमीक्षक असावा तर सर जॉर्ज बर्डवुड यांच्यासारखा. जन्म बेळगावचा, मुंबईत डॉक्टरकी, हिंदुस्थानी कारागिरीवर 1880 साली ग्रंथ. एवढा अधिकार गाठीशी बांधून 1910 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये त्यांनी जावातल्या ध्यानस्थ बुद्धाच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि निकाल दिला: निर्विकार शांतीचं प्रतीकच हवं असेल, तर चरबी घालून उकडलेलं पुडिंगही तितकंच चालेल.

केवढी ही व्यवहारदृष्टी! संग्रहालयांनी सूचना तेव्हाच मनावर घ्यायला हवी होती. दगडाला पाथरवट लागतो, वर्षं लागतात. पुडिंगला पातेलं, फडकं आणि काही तास. मूर्तिचोरांचा धंदा बसला असता. कलाकृतीचा आस्वाद घेतला, असं लिहिताना अभ्यासकाला संकोच वाटला नसता. (जीर्णोद्धार रोज सकाळी.)

काही कृतघ्न मंडळी मात्र चिडली. त्यांनी त्याच वर्षी लंडनमध्ये इंडिया सोसायटी काढली. या सोसायटीने 1912 मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांची इंग्रजी ‘गीतांजली’ पहिल्यांदा छापली. पुढच्याच वर्षी ठाकुरांना नोबेल. स्वीडिश अकादमीकडून पुडिंगचे आभार मानायचे तेवढे राहून गेले.