लिनक्सवर सोलापुरी चादर घालण्याची शास्त्रोक्त रीत

हे मार्गदर्शन सर्वांसाठी नाही. ज्यांच्याकडे विंडोज आहे त्यांनी पान उलटावं. सोलापुरात लिनक्स येतं ते बहुधा एकाच वाटेने. मालकांचा भाचा इंजिनिअरिंग संपवून पुण्याला नोकरीला निघतो आणि आदल्या रात्री, "मामा, याला व्हायरस लागत नाही," असं सांगून कारखान्यातल्या जुन्या कंप्युटरवर उबुंटू टाकून जातो. पुढे भाचा पुण्याहून बंगळूरला जातो, बंगळूरहून अमेरिकेला. उबुंटू अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतच राहतं. मग एके सकाळी मालकांच्या लक्षात येतं की बटण दाबलं की सगळ्यात आधी झळकतो तो कंप्युटर बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का.

"कंप्युटर माझा, लाइटबिल माझं, अन् नाव त्यांचं का बे?"

हा प्रश्न ज्याला विचारला जातो, म्हणजे 'कंप्युटरमधलं कळतं' अशी ज्याची गल्लीत ख्याती आहे, त्या इसमासाठी हे मार्गदर्शन आहे. ख्याती कशी मिळाली हे विचारू नये. बहुधा कधीतरी कुणाचा प्रिंटर चालू करून दिलेला असतो.

प्रश्नाला तांत्रिक उत्तर आहे. मशीन उठताना दिसणारं चित्र सांभाळतो प्लिमथ नावाचा प्रोग्रॅम. तो 2008 साली फेडोरा 10 मध्ये आला, 2010 साली उबुंटूने घेतला. मशीन जागं होताना पडदा लुकलुकू नये, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची रांग पाहून माणूस घाबरू नये, एवढाच त्याचा हेतू. 2020 च्या उबुंटूपासून तो कंपनीचा शिक्का न पुसता तसाच पुढे चालवतो, म्हणजे मधे झटका बसत नाही. हे इंजिनिअरांचं सौजन्य आहे, पण मालकांना ते सांगायला जाऊ नये. मालकांना जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरायच्या आत पडद्यावर मयूरपंख चादर पाहिजे, तिच्या मधोमध तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर पाहिजे आणि खाली 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' पाहिजे.

साहित्य जमवताना पहिलं विघ्न येतं. मालक चादरीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. तो जेपीजी असतो, आणि थीमच्या चित्रांसाठी प्लिमथला पीएनजी लागतं. नावाचं शेपूट बदलून 'चादर डॉट पीएनजी' केलं तर फाइल बदलत नाही, फक्त आपली समजूत बदलते. जिंपमध्ये उघडून रीतसर पीएनजी म्हणून बाहेर काढावी. फोटोत चादरीसोबत मालकांचा अंगठाही आलेला असतो, तोही तिथेच कापावा.

चित्र किती टिंबांचं हवं हे मालकांना समजावण्यात वेळ घालवू नये. कारखान्यातल्या डिझाइन काढणाऱ्या माणसाला गाठावं. त्याचा जन्म चौकडीच्या कागदावर गेलेला असतो: एक चौकट भरली की एक धागा वर, रिकामी सोडली की खाली. त्याच हिशेबाने पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पडतात, पट्ट्यांची माळ मागाच्या जेकार्ड यंत्रावर चढते आणि मोर उमटतो, उलट्या बाजूला रंगांची अदलाबदल करून. जेकार्ड नावाच्या माणसाने ही युक्ती फ्रान्समध्ये 1804 साली बसवली, आणि पुढे कंप्युटरवाल्यांनी भोकांच्या पट्ट्या तिथूनच उचलल्या. तेव्हा पिक्सेल म्हणजे काय हे या माणसाला शिकवायला गेलात तर तोच तुम्हाला चहा पाजून शिकवेल. 'पडदा 1366 बाय 768' एवढं सांगितलं की तो मान डोलावतो आणि विचारतो, "काठ किती सोडू?"

आता प्रतिष्ठापना. थीमच्या फोल्डरमध्ये तीन वस्तू लागतात: चित्र, ते कुठे ठेवायचं हे सांगणारी स्क्रिप्ट आणि या दोघांची ओळख करून देणारी छोटी डॉट-प्लिमथ फाइल. ही तिसरी कुणी स्वतः लिहीत नाही, दुसऱ्याच्या थीमची नक्कल करतात. त्यामुळे तिच्यात जुन्या फोल्डरचा पत्ता तसाच राहतो आणि मशीन उठताना तुमची चादर त्या पत्त्यावर शोधतं. ती तिथे नसते. पडदा काळा राहतो. मालक म्हणतात, "कलर उडाला काय?"

चित्र दिसलं, पण वर डाव्या कोपऱ्यात चिकटलं, तर ते बिघडलेलं नाही, त्याला जागाच सांगितलेली नाही. पडद्याच्या रुंदीतून चित्राची रुंदी वजा करून दोनाने भागावं. उंचीचंही तसंच.

आणि आता सगळ्यात जास्त घरं बुडवणारी चूक. चित्र बदललं, तीनदा तपासलं, मशीन बंद करून चालू केलं, आणि पुन्हा तोच कंपनीचा शिक्का. कारण मशीन उठतं तेव्हा डिस्क अजून उघडलेली नसते. वाटेत लागणारं सामान आधीच एका गाठोड्यात बांधलेलं असतं, त्याला इनिट्रॅमएफएस म्हणतात, आणि प्लिमथ आपलं चित्र त्यातूनच काढतो. शिदोरीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून गाडीत बसल्यावर घरी चटणीत मीठ वाढवून उपयोग नाही. गाठोडं नव्याने बांधावं लागतं. त्याची आज्ञा एका ओळीची आहे: सुडो, मोकळी जागा, अपडेट, आडवी रेघ, इनिट्रॅमएफएस, मोकळी जागा, आडवी रेघ, यू. त्याआधी आपली थीम चालू म्हणून निवडलेली असावी, नाहीतर नव्या गाठोड्यातही जुनंच सामान भरलं जातं.

हे सगळं तुम्ही समोर बसून केलंत तर सोपं. पण तुम्ही नव्या पेठेत असता, मशीन एमआयडीसीत असतं आणि मधे फोनवर दिवाणजी असतात. मागे माग खडखडत असतात. अशा वेळी स्पेलिंग आसपासच्या गावांच्या आधाराने सांगावं: पी पंढरपूरचा, एल लातूरचा, वाय येडशीचा, एम मोहोळचा, ओ उस्मानाबादचा (कागदोपत्री धाराशिव झालं, तरी इथे ओ लागतो), यू उमरग्याचा, टी तुळजापूरचा, एच होटगीचा. दिवाणजी प्रत्येक गावाला "हां" म्हणतात आणि शेवटी विचारतात, "सगळं एकत्र लिहायचं का मधे जागा सोडायची?" धीर सोडू नये.

चादरीऐवजी जांभळ्या पडद्यावर उबुंटूचं साधं नाव आणि खाली चार टिंबं दिसली, तर चित्र दाखवण्याइतकं ग्राफिक कार्ड अजून जागं झालेलं नाही असं समजावं. एनव्हिडियाचं कार्ड आणि त्यांचाच ड्रायव्हर असेल तर हे हमखास. ग्रबच्या फाइलीत जिथे 'क्वाएट स्प्लॅश' लिहिलेलं असतं त्याच ओळीत एनव्हिडिया-डीआरएम-डॉट-मोडसेट बरोबर 1 असं जोडावं आणि अपडेट-ग्रब चालवावं. हे शब्द कारखान्यात मोठ्याने उच्चारू नयेत, मालकांना खर्च दिसू लागतो.

यापुढचं विघ्न गंभीर आहे, कारण ते देवाच्या नावाशी संबंधित आहे. 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' ही अक्षरं स्क्रिप्टमधून लिहिली तर पहिल्या सकाळी पडद्यावर चौकोनांची रांग येते, कारण गाठोड्यात देवनागरी फाँट नसतो. फाँट घातला तरी अक्षरं जोडणारं सामान तिथे पोचेलच असं नाही. मग स ची वेलांटी स च्या पुढे जाऊन बसते, द्ध चे दोन तुकडे होतात आणि पाय मोडलेला द् पडद्यावर लंगडत उभा राहतो. कंपनीचा शिक्का मालकांनी दोन वर्षं सहन केला, हे दोन मिनिटं करणार नाहीत.

"देवाचं नाव तुटलंय बे! आधी ते काढ!"

उपाय एकच: अक्षरं अक्षरं म्हणून पाठवूच नयेत. डिझाइनवाल्याकडून ती चादरीत विणून घ्यावीत, म्हणजे चित्रातच काढून घ्यावीत. मशीनला मराठी येत नाही हे चित्रात झाकलं जातं.

झाकण्यावरून आठवलं. या पडद्यामागे खरं काय चाललंय ते पाहायचं असेल तर मशीन उठताना एस्केपचं बटण दाबावं. चादर बाजूला होते आणि ओळी धावू लागतात. चित्र लावायला आलेल्या माणसाने ही कळ कुणाला दाखवू नये, पण स्वतः रोज दाबावी.

सगळं जमलं की शेवटची तक्रार येते: चित्र दिसतच नाही. म्हणजे दिसतं, पण मालक चष्मा नाकावर चढवेपर्यंत पासवर्डची चौकट आलेली असते. कारण दिवाळीत तुम्हीच जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवायला सांगितलेलं असतं. यावर काही जाणकार प्लिमथला निरोप देण्याआधी पाच सेकंदांची झोप घालायला सांगतात. वेगासाठी पैसे मोजायचे आणि मग वेगाला बसवून ठेवायचं, हे व्यापारी माणसाच्या गळी उतरवणं अवघड आहे.

पण काही मशिनींवर ही कृपा आपोआप होते. जुन्या डिस्कवर स्वॅपचा भाग होता. डिस्क भंगारात गेली, एफएसटॅब नावाच्या फाइलीत तिची ओळ मात्र राहिली. मशीन उठताना त्या डिस्कची वाट पाहतं, नव्वद सेकंद, आणि मग नाद सोडून पुढे जातं. एस्केप दाबलं तर ते एकेक सेकंद मोजताना दिसतं. न दाबलं तर दीड मिनिट अख्खी मयूरपंख चादर, मधे मंदिर, खाली न तुटलेलं नाव.

हा दोष आहे. त्या ओळीच्या आधी एक हॅशची खूण टाकली की तो जातो, आणि प्रामाणिक माणसाने तसं मालकांना सांगावं. सांगितल्यावर मालक आधी दिवाणजींकडे बघतील, मग हातातल्या उदबत्तीकडे.

"थांब बे, हात लावू नको. आत्ता कुठं ओवाळून होईपर्यंत देव टिकतोय." जरा थांबून, आवाज खाली आणून: "दीड मिनिटाचं पावणेदोन करता येतंय का? गल्ल्याला ओवाळायचं राहतंय."

येतं. एफएसटॅबच्या त्याच ओळीत, पर्यायांच्या रकान्यात, एक्स-सिस्टिमडी-डॉट-डिव्हाइस-टाइमआउट बरोबर 105 लिहावं. यासाठी गाठोडं पुन्हा बांधावं लागत नाही.