वारस-नाना

पनवेलच्या कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानांच्या आसपास, एक गृहस्थ हमखास दिसतो. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. पिशवीत साडी नसते. सातबारे, फेरफार, मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले आणि अंगठे घ्यायला शाईचं पॅड असतं. कुठे त्याला भाऊ म्हणतात, कुठे दादा. आपण नाना म्हणू. पनवेल-उरण पट्ट्यात घराणं तिथे नाना. एखाद्या घरात नसलेच, तर सिडकोचं पत्र आलं की आठवड्याभरात तयार होतात.

नानांचं काम एकच: वीस-तीस वर्षांत ज्यांचं तोंड पाहिलं नाही, अशा भाऊबंदांना गाठायचं आणि त्यांची सही आणायची.

वंशावळी जमवणारे लोक पुण्यातही असतात. ते गोत्र विचारतात, कुलदैवत विचारतात, मग जाडजूड कुलवृत्तांत छापतात आणि तो पुढे कपाटावर जातो. नाना गोत्राच्या वाटेला जात नाहीत. ते विचारतात, "आधार कार्ड आहे ना सोबत?"

नाना उगवले त्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९७० साली शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. शेतं गेली, मिठागरं गेली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली: जेवढी जमीन घेतली, तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. नवी मुंबई विमानतळाच्या वेळी साडेबावीस टक्क्यांची भाषा सुरू झाली. भूखंड म्हटला की मालक आला, आणि मालक बहुधा कधीच वारलेला असतो. तिथून नाना सुरू होतात.

पहिली गाठ सातबारावरच बसते. आजोबा गेले तेव्हा पाच भावांपैकी थोरल्याचं नाव लागलं आणि त्यापुढे तीन अक्षरं पडली, 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाकीचे चौघे त्या तीन अक्षरांच्या पोटात गडप झाले. एक मुंबईला गिरणीत गेला, तिथेच लालबागला चाळीत राहिला. एक सासरवाडीला पेणजवळ स्थिरावला. एकाने बांधावरून भांडून बोलणंच टाकलं. धाकटा तर कोणाला न सांगता गुजरातकडे गेला. शेत होतं तोवर निदान भांडायला तरी सगळे बांधावर भेटत होते. शेत गेलं आणि भांडणसुद्धा संपलं.

आता त्या चौघांच्या मुलानातवंडांना शोधायचं. हिशोब नाना तोंडपाठ सांगतात. एकराचे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्या साडेबारातून सामाजिक सोयींसाठी पावणेचार टक्के कापले की हातात साडेतीन गुंठे, सुमारे ३५४ चौरस मीटर. समजा वारस निघाले सत्तावीस. प्रत्यक्षात वाटे सारखे पडत नाहीत, पण सरासरी काढली तर माणशी तेरा चौरस मीटर येतं. "म्हणजे एकेकाला एक स्वयंपाकघर," नाना म्हणतात आणि चहाचा दुसरा कप मागवतात.

या साऱ्या खटाटोपात कोणाचं नशीब उघडलं असेल, तर आत्याचं. पूर्वी लग्न करून दिली की आत्या भाऊबीजेपुरती. भाऊ गेल्यावर तीही नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा बदलला, केंद्राचा बदल ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीने उभी राहिली. बाप त्या तारखेला हयात होता की नव्हता, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवला. नानांना या तारखा स्वतःच्या मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्क्या पाठ आहेत. तेव्हापासून पनवेलच्या बाजारातून अलिबाग, पेण, उरणकडे निघणाऱ्या पेढ्यांच्या पुड्यांत भर पडली असावी, असा आमचा संशय आहे.

आत्याही कच्ची नसते. ओटीवर नाना टेकतात, खण-नारळ पुढे करतात, साडीची घडी मांडीवर ठेवतात. आत्या चष्मा पुसून साडीचा पदर बघते, काठ बघते, मग नानांकडे बघते. "साडी चांगली आहे. आता तिच्याखालचा कागद काढ."

तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. आत्या तो घरात ठेवून घेते आणि 'जावयाला दाखवते' म्हणते. म्हणजे काय ते नानांना बरोबर कळतं. कागद पुन्हा दिसत नाही. साडी मात्र पुढच्या लग्नात दिसते.

वारस हुडकण्याची नानांची पद्धत एखाद्या फौजदाराने शिकावी अशी आहे. चौकातला भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक लोक नमस्कार करून ओलांडतात. नाना थांबून खालच्या 'शोकाकुल' रांगेचा फोटो काढतात. मयताची मुलं, सुना, जावई, नातवंडं सगळी एका जागी, तीही घरच्यांनी तपासलेली! लग्नपत्रिका तर सोन्याची खाण. आगरी घरची पत्रिका असेल तर निमंत्रकांच्या यादीतच अर्धं गाव हाती लागतं. आणि हळद! डीजेच्या दणदणाटात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, पण नाना एकेकाला मंडपामागे घेतात आणि मोबाइलच्या उजेडात सह्या मिळवतात. हळदीने पिवळा झालेला एक अंगठा एका अर्जावर तसाच उमटला आहे. शाईचा खर्च वाचला, असं नाना सांगतात.

जो धाकटा गुजरातकडे गेला, त्याचं काय? वकिलांनी सुचवलं की कायद्याप्रमाणे सात वर्षं ज्याची खबर नाही, तो मेला असं कोर्टाला धरता येतं. नानांनी हात जोडले. "साहेब, हा नियम आमच्या घराण्याला लावला तर निम्मे भाऊबंद आजच वारले." मग त्यांनी नातीला फेसबुक उघडायला लावलं. धाकट्याचा मुलगा सुरतेला सापडला. पंधरा मिनिटं तो गुजराती वळणाचं मराठी बोलला, नाना कागदी मराठी बोलले, आणि शेवटी दोघेही आजीच्या जिताड्याच्या कालवणावर येऊन रडले. रडून झाल्यावर नानांनी पॅन नंबर विचारला.

सह्या जमवताना व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप निघतो. त्याचं नाव सर्व्हे नंबर. तिथे सकाळी फुलं, दुपारी सिडकोच्या सोडतीच्या अफवा आणि रात्री 'बिल्डर काय म्हणाला?' कोणी ग्रुप सोडला की नाना त्याला परत घेतात, कारण ग्रुप सोडता येतो, वारसा तसा सोडता येत नाही. त्यासाठी रजिस्ट्रार ऑफिस लागतं.

मग कोर्टाचा वारस दाखला. तो आजही मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली मिळतो. म्हणजे कंपनी सरकारने केलेल्या नियमावर सिडकोचा प्लॉट अडलेला असतो. अर्ज केला की जाहीर नोटीस निघते: कोणाची हरकत असल्यास कळवावे. ही नोटीस कोणी वाचत नाही, अशी सगळ्यांची खात्री असते.

एका नानांच्या प्रकरणात ती डहाणूला कोणीतरी वाचली. तारखेला पन्नाशीचा एक माणूस कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहिला आणि म्हणाला, आजोबांचं पहिलं घर आमचं. सगळे भाऊबंद अंगावर पाल पडल्यासारखे दचकले. मुंबई इलाख्यात दुसऱ्या बायकोला बंदी करणारा कायदा १९४६ चा; आजोबांची दोन्ही लग्नं त्याच्या कितीतरी आधीची. वकिलांनी कपाळावर हात मारला. वारस सत्तावीसचे पन्नासच्या घरात गेले आणि माणशी स्वयंपाकघराचं न्हाणीघर झालं.

नाना मात्र त्या माणसाच्या कानाच्या पाळीकडे निरखून बघत होते. मग त्यांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, शेजारी जागा केली, पेनाचं टोपण काढलं.

"बस. आजीचं माहेर कुठलं? आणि तुला बहिणी किती?"